रेनडिअरच्या तोंडचा घास

मु. नांद्रे, ता. मिरज
सोमवार, २ सप्टेंबर १९९६

स्नेहमूर्ती चिंतामणराव यांस,

नांद्र्याहून जवाहर मगदूम याचा जयजिनेंद्र, आणि तो कोरडा वाटू नये म्हणून वर तुमच्या पद्धतीचा नमस्कारही. तुमचा गुडघा कसा आहे? साताऱ्याच्या चढउतारात गुडघ्याला सुट्टी नाही, हे मी तुम्ही सांगली सोडताना बोललो होतो, पण निवृत्त झालेला मास्तर आपल्या गावाकडे निघाला की बैलासारखा असतो, गोठा दिसेपर्यंत थांबत नाही. शरयूवहिनींचा खोकला गेला असावा. नसला तर ज्येष्ठमध चघळायला सांगा. माझी प्रकृती म्हणाल तर दातांची कवळी सैल झाली आहे आणि तोंड घट्ट राहत नाही. यातली पहिली तक्रार डॉक्टर दुरुस्त करतील. दुसऱ्या तक्रारीपायी आमच्या घराची काय दशा झाली आहे, ते सांगायला हे पत्र. मागणं काही नाही. हरलेल्या माणसाला मागायचं काय असतं? मन मोकळं करतोय, एवढंच समजा.

आमची श्रद्धा तुम्हाला नव्यानं सांगायला नको. माझ्या धाकट्या भावाची, भरतेशची, मुलगी. एम.एस्सी.साठी वर्षभर कासच्या पठारावर जात होती तेव्हा तुमच्याच घरी राहिली, शरयूवहिनींची थालीपिठं खाऊन चांगली भरली, आणि त्यांची जुनी मच्छरदाणी नाकतोड्यांपासून गवत राखायला घेऊन गेली ती एका म्हशीच्या शिंगावर परत आली, हे तुम्ही विसरला नसाल. तर त्या श्रद्धेला आता नॉर्वे देशातून पत्र आलं आहे. तिकडच्या एका विद्यापीठातल्या बाई, अगदी वरच्या टोकाला, जिथं झाडंसुद्धा गुडघ्याएवढीच होतात (तुमच्या गुडघ्याएवढी नव्हे, धडधाकट माणसाच्या), तिथं वनस्पती आणि त्यांच्यावर जगणारी जनावरं यांचा अभ्यास करतात, आणि त्यांना पीएच.डी.साठी एक विद्यार्थी हवा आहे. श्रद्धेनं अर्ज केला होता. बाईंनी विचारलं, थंडीत काम करायचा अनुभव आहे का? पोरगी खरं बोलणारी. तिनं कळवलं की डिसेंबरात एकदा महाबळेश्वरला गेले होते. एवढं वाचूनही बाईंनी तिला निवडली, म्हणजे बाई एकतर फार थोर असाव्यात किंवा त्यांनी नकाशात महाबळेश्वर शोधलं नसावं.

अभ्यास काय, तर असा. त्या मुलखात उन्हाळा दीडदोन महिन्यांचा. तेवढ्यात झाडानं पानं काढायची, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा बर्फाखाली गप पडायचं. तिथं एकेक पान म्हणजे एकुलतं एक पोर. ते रेनडिअर नावाच्या जनावरानं खाल्लं (आपल्या सांबराचा चुलतभाऊ समजा, शिंगं मोठी, स्वभाव गरीब) तर झाड पुढं काय करतं? गप सोसतं, की पुढच्या वर्षी पानांत कडवट रस भरतं? आणि जनावराला ते कडू लागलं की ते कुठं जातं? मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी ओट्यावरच उभा राहिलो. म्हटलं, पोरी, ही तर आपली किरळ. पावसानं ताण दिला की कोवळी ज्वारी विष धरते आणि ती खाल्लेली गाय फेस काढून आडवी होते, तेच हे. श्रद्धा म्हणाली, अगदी तेच नव्हे आण्णा, पण भावकीतलं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. बाकीचं जे काय शिकलो ते सांगलीच्या वाचनालयातल्या बाकावर तुमच्या शेजारी बसून. माझ्या पुतणीनं ध्रुवाजवळ जाऊन किरळीच्या भावकीचा शोध लावावा, याहून मला दुसरं काय पाहिजे? जायचं की नाही ते या महिनाअखेर तिकडं कळायला हवं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. आता आमच्या घराची घडी तुम्हाला ठाऊक आहे. भरतेशला विचारलं की तो म्हणतो, गुणमाला म्हणेल तसं, आणि द्राक्षांच्या बागेकडे निघून जातो. म्हणजे प्रश्न माझ्या भावजयीचा. तेव्हा मी छातीवर हात मारून म्हणालो, गुणमालेला पटवायचं काम माझ्याकडे. चिंतामणराव, त्याच क्षणी कुणीतरी माझ्या तोंडात ती सैल कवळी घट्ट बसवायला हवी होती.

गुणमाला व्रतानियमाची बाई. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाही, कांदा-बटाटा घरात नाही, दिवस मावळला की अन्नाला शिवणार नाही. पण अडाणी म्हणू नका. तिचा प्रत्येक प्रश्न तुमच्या परीक्षेतल्या शेवटच्या प्रश्नासारखा असतो, दहा मार्कांचा. मी सांगायला लागलो की काम अगदी सोपं आहे, जनावरं चरताना बघत बसायचं. ती म्हणाली, ‘आवं आण्णा, त्येला एवढ्या लांब कशाला? आपली म्हस काय कमी चरती व्हय?’ मी म्हटलं, तसं नव्हे, तिथं शास्त्रीय पद्धतीनं बघतात. डोंगरावर तुकडे पाडून त्यांना तारेचं कुंपण घालतात, आतलं गवत जनावराला खाता येत नाही, बाहेरचं येतं, मग आतलं आणि बाहेरचं ताडून बघतात. मी मोठ्या हौसेनं ओट्यावर खडूनं चौकोन काढून दाखवला. गुणमाला निवडायचं सूप बाजूला ठेवून त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे भुकेल्या जीवाच्या तोंडचा घास अडवायचा.’

तुम्हाला आमच्यातलं सांगायला हवं. दुसऱ्याच्या खाण्यापिण्याच्या आड येणं याला आम्ही अंतराय म्हणतो, आणि त्याचं कर्म बांधलं जातं ते चुकत नाही. ज्यानं दुसऱ्याचा घास अडवला त्याचा घास पुढं कधीतरी अडतो. परदेश, थंडी, एकटी पोर, लग्न, यातल्या कशाबद्दल गुणमाला एक शब्द बोलली नव्हती. (त्यांच्यावर मी उत्तरं पाठ करून ठेवली होती, ती फुकट गेली.) तिला खुपलं ते रेनडिअर. त्या रात्री तिला स्वप्नात ते कुंपणापाशी उभं दिसलं म्हणे, आणि त्याचे डोळे आमच्या म्हशीसारखे होते.

मी हार मानली नाही. यंदा आमच्या गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास आहे. म्हटलं, त्यांनाच विचारू. त्यांनी हो म्हटलं की गुणमालेचा नन्ना उरत नाही. पण महाराजांना आधी आपल्या घरी आहार व्हावा, घर प्रसन्न असावं, आणि मग दुपारी हळूच विषय काढावा, असा बेत मी केला. बेत करणं हाच माझा रोग आहे. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत आहार घेतात. त्यात केस किंवा किडामुंगी निघाली तर ओंजळ सोडतात आणि त्या दिवशी पुन्हा काही घेत नाहीत. गुणमाला उजाडल्यापासून धुतल्या कपड्यानं राबत होती. सगळ्या गल्लीतल्या बायका आपापल्या दारात कलश घेऊन उभ्या होत्या, आणि महाराज आमच्या दारासमोर थांबले. एवढं भाग्य. मी धोतर नेसून दूध घालायला पुढं झालो. पण डोक्यात काय, तर दुपारचा प्रश्न. रेनडिअर म्हणावं की हरीण, कुंपण म्हणावं की नुसताच आडोसा. या विचारात मी नको तेवढा वाकलो. माझ्या भुवया तुम्ही पाहिल्या आहेत. (तुम्हीच म्हणाला होतात की त्यांच्यात पोपट घरटं बांधेल.) त्यातला एक पांढरा केस, चिंतामणराव, दुधाबरोबर गेला. महाराजांनी तो पाहिला, शांतपणे ओंजळ सोडली आणि खाली बसले. तिसऱ्याच घासाला. याला काय म्हणतात ते आता मी सांगायला नको. अंतराय.

  गुणमालेनं केलेला सगळा स्वयंपाक झाकून ठेवला आणि स्वतः त्या दिवशी उपास केला. भरतेश फवारणीचं निमित्त काढून बागेत गेला; फवारणीचे दिवस अजून यायचे आहेत. आणि दुपारपर्यंत देवळाच्या कट्ट्यावर निकाल लागलाही. आमचा भाऊसो, पेठेत कडधान्याचं दुकान आहे तो, जिभेनं तोळामासा मोजणारा, सगळ्यांदेखत म्हणाला, ‘आण्णा, तुमची पोरगी तिकडं हरणाचा घास अडवाय निघाली, तवर तुमी हिकडं महाराजांचा अडवून मोकळं. घराणं कामाला तत्पर हाय.’ यावर लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? घरी येऊन आरशात बघून भुवया कातरल्या. आता मी सोललेल्या उकडलेल्या शेंगदाण्यासारखा दिसतो.

तरी दुपारी आम्ही गेलोच. मी, गुणमाला, श्रद्धा. मी तोंड उघडायचं नाही अशी शपथ घेतली होती, म्हणून श्रद्धेनंच सगळं सांगितलं. महाराज उपाशी होते, पण चेहऱ्यावर त्याची सुरकुती नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, कुंपणाच्या बाहेर गवत आहे का? श्रद्धा म्हणाली, आहे महाराज, डोंगरच्या डोंगर. आत किती? आपल्या अंगणाएवढं. मग त्यांनी विचारलं, कुंपण कशासाठी घालायचं, जनावर उपाशी राहावं म्हणून की गवताचं काय होतं ते कळावं म्हणून? श्रद्धा म्हणाली, कळावं म्हणून. कळलं तर पुढं त्याच जनावरांसाठी कुरणं राखता येतात. महाराज हसले. म्हणाले, मग मनातला भाव शुद्ध ठेव, आणि कुंपणात एखादं जनावर अडकलं तर आधी ते सोडव, वही मग उघड. गुणमालेनं हात जोडले. वाटेत ती श्रद्धेला म्हणाली, ‘स्वेटर दोन घे, एक वल्ला झाला तर?’ म्हणजे झालं होतं, चिंतामणराव. गाडं नदीपार झालं होतं. कासरा माझ्या हाती नसता तर आज मी तुम्हाला पेढ्यांचं पत्र लिहिलं असतं.

पण माझ्या आनंदाला माहिती फुटते. घरी आल्यावर मी म्हणालो, गुणमाला, तुला अजून एक गंमत माहीत नाही, तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचा तुझा नियम ना? पोरगी बाराच्या ठोक्यालासुद्धा जेवली तरी नियम शाबूत. मला वाटलं मी सोन्याचा कळस चढवला. गुणमाला थांबली. चप्पल काढता काढता, एका पायावर, थांबली. आणि दहा मार्कांचा प्रश्न आला. ‘आन् हिवाळ्यात?’

खोटं बोलता आलं असतं. पण हे ज्ञान मला तुम्ही दिलंत, आणि तुमच्या ज्ञानाशी मी बेइमानी केली नाही. हिवाळ्यात तिथं दोन महिने सूर्य उगवत नाही, असं मी सांगून टाकलं. तिचा विश्वास बसेना. न उगवायला तो जातो कुठं? मग मला शिकवायची हौस आली. तिन्हीसांजेला वीज गेलेलीच होती. मी मधोमध कंदील ठेवला, देव्हाऱ्याजवळचा शेंडीचा नारळ घेतला, शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव असं ठरवलं, आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे नारळ तिरका धरून कंदिलाभोवती फिरवला. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं. भरतेशलासुद्धा कळलं. गुणमालेनं नारळ स्वतःच्या हातात घेतला, शेंडीच्या बुडाशी बोट ठेवलं आणि विचारलं, पोरगी इथं? मी म्हटलं, इथं. तिनं नारळ जागच्या जागी एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. बोट अंधारातच. ‘मंग दोन म्हैनं ती जेवणार कवा?’ तिनं विचारलं, आणि नारळ जागेवर ठेवून दिला.

त्यानंतर कट्ट्यावर जे चाललं ते सांगून तुमचा वेळ घालवत नाही, पण थोडं सांगतो. नानासो म्हणाला, दोन महिने उपास करू दे, आपल्या दशलक्षण पर्वात लोक दहा दिवस करतातच की. (हा स्वतः पर्वात एकवेळ जेवून चारवेळा सांगतो.) एकाचं म्हणणं, मोठा दिवा लावून त्याला सूर्य मानावा. भाऊसो म्हणाला, ‘त्यापरीस आण्णालाच धाडा. एवढं बोलत्यात, तोंडच्या वाफंनंच उजाडंल.’ दशलक्षण पर्व तोंडावर आलं आहे, गावात सफेदी चालू आहे, आणि जिथं जावं तिथं माणसं हातात काहीतरी गोल घेऊन तिरकं धरतात आणि मला बघून हसतात.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नाही ती श्रद्धा. मला वाटलं होतं, ती आईशी भांडेल. आजकालची शिकलेली मुलगी, म्हणेल, नियम गुंडाळून ठेवा. मी तर तिला मागच्या दारी गाठून तसं सुचवलंसुद्धा, की परदेशात कोण बघतंय? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेलो. म्हणाली, ‘आण्णा, नियम आईनं लावलेला नाही, मी घेतलाय. कुणी बघत नाही म्हणून मोडायचा, तर घ्यायचा कशाला?’ आणि हेच पोरीचं सोनं, आणि हीच तिच्या पायातली बेडी. परवा ती तालुक्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राची जागा आहे का, विचारून आली. बेडकाच्या आकृत्या काढून दाखवायला तिच्या अंगात काय कमी आहे? पण संध्याकाळी ती गोठ्यात म्हशीजवळ उभी होती. कडब्यातली कुठली पानं म्हैस मागं ठेवते, ते वेचून बघत होती. मी खोकलो तर पानं टाकून दिली, चोरी सापडल्यासारखी. नॉर्वेच्या बाईंच्या पत्राला नकार कळवायचा मजकूरही तिनं मनात तयार केला असावा, कारण ती फार गोड बोलायला लागली आहे.

असा मी, चिंतामणराव, माझ्या घरात उजेड आणायला गेलो आणि दोन महिन्यांची रात्र घेऊन आलो. तुम्ही मला अक्षांश शिकवले नसते तर आज ती पोर सुखानं निघाली असती. राग नाही. पण विद्या अपात्री दिली की अशीच फळते. शरयूवहिनींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल लावा.

आपला, भुवया नसलेला,
जवाहर मगदूम

ता. क. वर मागणं काही नाही म्हणालो, ते तेवढ्यापुरतं खरं होतं. येत्या रविवारी तुमचा पृथ्वीचा गोल घेऊन इकडे या. आमच्या घरात तुमच्या शब्दाला मास्तरांचं वजन आहे. तुम्ही गोल समोर ठेवून एवढंच सांगायचं, की आण्णांचा नारळ जरा जास्त कलला होता. जन्मात भूगोलाबाबत तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते पटेल. आणि कासच्या पठारावर तुमच्या मच्छरदाणीखाली किती नाकतोड्यांचे घास अडले, याबद्दल कृपया अवाक्षर काढू नका. महाराजांना पुन्हा विचारायला जायची माझी छाती नाही.

ता. क. दुसरा, मंगळवार सकाळ. पाकीट चिकटवायच्या आत गुणमाला आली. तिनं विचारलं, आपल्याकडं दिवस मावळतो तेव्हा तिथं किती वाजलेले असतात? मी हिशेब करून सांगितलं, हिवाळ्यात दुपारचा दीडएक. तिनं मान डोलावली. म्हणाली, ‘मंग झालं. नेम हितं घेतलाय, हितल्या सूर्याम्होरं. तो हितं मावळला की तिनं थांबायचं. उन्हाळ्यात बी त्येच. तिथं उजेड हाय म्हणून रातभर चरायचं न्हाई.’ श्रद्धा दाराआड उभी होती. गुणमालेनं तिच्याकडे न बघता पुढं म्हटलं, ‘मी सांजेला ताट घीन तवा तू बी घे. दोघी एकदमच जेवू.’ पोरगी हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. होकाराचं पत्र आज दुपारच्या टपालानं जातंय. हे सगळं गुणमालेनं तीन दिवस एकटीनं विचार करून काढलं. मधे कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही. तेव्हा खोटं बोलायला येण्याची गरज उरली नाही, निरोपाला या. येताना माणदेशातली एक जाड घोंगडी मिळाली तर आणा. बूट चामड्याचे नकोत, रबरी बघणार आहोत. आणि घरात हुकूम निघाला आहे की यापुढं संध्याकाळच्या ताटावर मीसुद्धा वेळेवर हजर पाहिजे, गप्पांत दिवस मावळवायचा नाही.

ता. क. शेवटचा. गोल मात्र आणू नका. नारळावर सांगली आणि नॉर्वे चार बोटांच्या अंतरावर आहेत, आणि सध्या घरात सगळ्यांचं त्यावर भागतंय. माझंही.